राजाने स्वतःच्या हाताने उतरवायचं पुस्तक

इंदूरच्या पोलोग्राउंडवर आज कारखाने आहेत, मालाचे ट्रक आहेत, पश्चिम मध्य प्रदेशात वीज पोहोचवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय आहे. पण हे होळकरांचं शहर आहे आणि घोड्याची किंमत इथल्या जुन्या मराठी घरांना समजावून सांगावी लागत नाही. मल्हारराव होळकर मोठे झाले ते घोडदळाच्या जोरावर. स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार, सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा बारगीर, आणि ज्याची पागा मोठी त्याचा शब्द मोठा. अठराव्या शतकातल्या एखाद्या सरदाराला कोणी जाऊन म्हणालं असतं, ‘राज्य खुशाल करा, पण घोडे फार ठेवू नका,’ तर त्याने काय उत्तर दिलं असतं?

हा नियम एका ग्रंथात खरोखरच लिहिलेला आहे, आणि तोही राजासाठी! ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथातला जो भाग मराठी बायबलात ‘अनुवाद’ या नावाने येतो, त्याचा सतरावा अध्याय उघडा. तुम्हाला राजा हवा असेल तर नेमा, असं तिथे म्हटलं आहे. पण त्या राजाने घोडे वाढवू नयेत, बायका वाढवू नयेत, सोनं-रुपं साठवू नये. घोडे म्हणजे त्या काळचं सर्वांत भारी शस्त्रबळ, पुष्कळ बायका म्हणजे पुष्कळ राजघराण्यांशी सोयरिकी आणि तह, आणि सोनं म्हणजे सोनंच. सैन्य, परराष्ट्र धोरण आणि खजिना या तिन्ही ठिकाणी राजाचा हात आखडून ठेवला. मग राजाकडे उरलं काय?

उरलं ते ऐका. गादीवर बसल्यावर राजाने नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून काढायची, ती कायम जवळ ठेवायची आणि आयुष्यभर रोज वाचायची. कशासाठी? तर आपल्या भावाबंदांपेक्षा आपण उंच आहोत असं त्याच्या मनात येऊ नये म्हणून. राजाचं मोठं काम म्हणून त्या परिच्छेदात सांगितलं आहे ते एवढंच. युद्ध नाही, दिग्विजय नाही, बांधकाम नाही. बसा आणि लिहा!

हे केवढं विलक्षण आहे ते कळायला शेजारी डोकवावं लागतं. बाबिलोनचा हम्मुराबी इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात काळ्या दगडावर कायदे कोरून घेतो. दगडाच्या माथ्यावर चित्र आहे: समोर देव बसलेला आणि राजा त्याच्यापुढे उभा. कायदा लोकांपर्यंत यायचा तो राजाच्या हातून. इजिप्तचा फारो तर स्वतःच देवपदाला पोहोचलेला. अशा शेजारात राहणारी एक लहानशी जमात म्हणते की कायदा आधी आला, राजा नंतर आला, आणि आलाच आहे तर त्याने विद्यार्थ्यासारखं खाली मान घालून तो उतरवून काढावा.

इंदूरच्या वाचकाला इथे अहिल्याबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी राज्य केलं ते महेश्वरहून, शंकराच्या नावाने. आज्ञापत्रावर स्वतःचं नाव नाही, ‘श्री शंकर’. काशी, सोमनाथ, गया अशा दूरदूरच्या ठिकाणची त्यांची बांधकामं प्रसिद्ध आहेत, आणि खासगीचा पैसा दौलतीच्या पैशापासून वेगळा ठेवण्याचा त्यांचा कटाक्षही तितकाच प्रसिद्ध आहे. माळव्यातल्या या बाईंचा आणि यरुशलेमच्या त्या ग्रंथाचा काही संबंध नाही. तरीही सत्ता आपली नाही, आपण ती कोणाच्या तरी वतीने सांभाळतो आहोत, ही जाणीव दोन्हीकडे सारखीच लख्ख दिसते. मला याचं फार नवल वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, नियम लिहिणं सोपं आहे. पाळला कोणी?

हा ग्रंथ त्याचंही उत्तर देतो, आणि उत्तर लपवत नाही. शलमोन हा त्या लोकांचा सर्वांत वैभवशाली राजा. मंदिर बांधणारा, शहाणपणासाठी आजही नावाजला जाणारा. त्याच्या थोरवीचं वर्णन करता करता ग्रंथकार आकडे देत जातो: १,४०० रथ, १२,००० स्वार, ७०० राण्या, ३०० उपपत्नी, आणि सोनं इतकं की चांदीला कोणी विचारेना. घोडे आणले कुठून? इजिप्तमधून, जिथून आणू नयेत असं नियमात नाव घेऊन बजावलं होतं! तिन्ही कुंपणं मोडली. स्तुतीच्या पानावरच आरोपपत्र लिहिलेलं आहे, आणि ते ज्याला नियम ठाऊक आहे त्यालाच वाचता येतं. पुढच्याच पिढीत राज्य फुटतं. शलमोनाचा मुलगा रहबाम गादीवर येतो, लोक येऊन विनवतात की बापाने लादलेलं ओझं थोडं हलकं करा. म्हातारे सल्लागार सांगतात, आज यांचा सेवक हो, हे जन्मभर तुझे राहतील. बरोबरीचे दोस्त सांगतात, आणखी कडक हो. रहबाम दोस्तांचं ऐकतो. बारांपैकी दहा वंश निघून जातात.

आपल्या सर्वांत मोठ्या राजाबद्दल हे लिहून ठेवायला, आणि ते धर्मग्रंथ म्हणून पिढ्यानपिढ्या मोठ्याने वाचायला काय धैर्य लागत असेल! दावीद राजाचंही तसंच. तो उरिया नावाच्या आपल्याच सैनिकाची बायको बथशेबा हिला आपली करतो आणि उरियाला लढाईत पुढच्या फळीवर उभा करून मरू देतो. नाथान नावाचा संदेष्टा दरबारात येतो आणि एका गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगतो: श्रीमंत शेजाऱ्याने स्वतःची मेंढरं राखून या गरिबाचं कोकरू पाहुण्यासाठी कापलं. राजा संतापतो, असल्या माणसाला मरणच योग्य म्हणतो. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. नाथानाचं डोकं उडवलं जात नाही. राजा चूक कबूल करतो. पुढे राज्य कोणाकडे जावं हा प्रश्न येतो तेव्हाही नाथान दरबारातच आहे, आणि दाविदाला बथशेबेपासून झालेल्या मुलांच्या यादीत एक नाव आहे: नाथान.

आता एक गोष्ट आणखी. राजाने रोज वाचायचं ते पुस्तकच एके दिवशी सापडेनासं झालं तर?

झालं होतं तसं. इसवी सनापूर्वी ६२२ च्या सुमारास, योशिया राजाच्या काळात, यरुशलेमच्या मंदिराची दुरुस्ती निघाली. सुतार, गवंडी कामाला लागले. त्यांच्याकडे पैशाचा हिशेब मागितला जात नसे, कारण ते इमानाने काम करत, अशी बारीकशी नोंदही आहे. त्या गडबडीत मुख्य याजकाला एक गुंडाळी सापडली. चिटणिसाने ती राजापुढे वाचली. राजाने अंगावरचे कपडे फाडले, कारण त्यात लिहिलेलं कोणीच पाळत नव्हतं. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती गुंडाळी म्हणजे आपल्या ‘अनुवाद’ ग्रंथाचाच गाभा. आणि हे पुस्तक खरं की खोटं हे ठरवायला राजाने माणसं पाठवली कोणाकडे? हुल्दा नावाच्या एका संदेष्ट्रीकडे. देशाच्या कायद्यावर शेवटचा शब्द एका बाईचा, आणि राजाने तो मानला.

राजे फार झाले. राजे येण्याच्या कितीतरी आधीची एक सकाळ पाहू. मोशे इजिप्तमधून लोकांना बाहेर घेऊन आला आहे, सगळे वाळवंटात तळ ठोकून आहेत, आणि मोशे पहाटेपासून रात्रीपर्यंत एकटा बसून सगळ्यांचे तंटे सोडवतो आहे. रांग हटत नाही. घरातल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या एकाच कमरेला लटकाव्यात तशी गत. त्या दिवशी मोशेचा सासरा भेटायला आला आहे. त्याचं नाव इथ्रो. तो मिद्यानी, परका माणूस, दुसऱ्या धर्माचा याजक. तो दिवसभर बघतो आणि जावयाला सांगतो: तू करतो आहेस ते बरं नाही. तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील.

दुसरं वाक्य पाहा. मोशे थकेल हे कोणालाही दिसलं असतं. रांगेत उभे असलेले लोकही झिजतात, हे सासऱ्याला दिसलं! एकहाती कारभाराचं निम्मं दुखणं वाट पाहणाऱ्यांच्या पायांत असतं.

मग तो उपाय सांगतो. दहांवर एक, पन्नासांवर एक, शंभरांवर एक, हजारांवर एक, असे अधिकारी नेम. लहान तंटे त्यांनी सोडवावेत, अवघड तेवढे तुझ्याकडे यावेत. माणसं कशी निवडायची तेही सांगतो: कर्तबगार, देवाला भिणारी, सत्याला धरून चालणारी आणि लाचेचा तिटकारा असणारी. घराणं, वय, श्रीमंती यांचा उल्लेखही नाही. ज्यूंच्या तालमुदात पंडितांनी बसून याचं गणितही केलं आहे. सहा लाख पुरुष धरले तर हजारांवरचे ६००, शंभरांवरचे ६,०००, पन्नासांवरचे १२,००० आणि दहांवरचे ६०,०००. एकूण ७८,६००. म्हणजे दर सात-आठ माणसांमागे एक जण कसल्या ना कसल्या जबाबदारीवर! नेतृत्व ही थोड्यांची मिरास नाही, साध्या माणसालाही त्यात वाटा मिळतो, हे त्या आकड्यातून दिसतं तसं कुठल्याही भाषणातून दिसणार नाही. आणि ही सगळी व्यवस्था बाहेरून आलेल्या, परधर्माच्या पाहुण्याने सुचवली, हे ग्रंथाने झाकलं नाही. त्या अध्यायाची सुरुवातच इथ्रोच्या नावाने होते.

या वाळवंटातलाच आणखी एक प्रसंग मला फार आवडतो. सलाफहाद नावाचा माणूस वारला. त्याला मुलगा नव्हता. पाच मुली होत्या: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. वतन मुलग्यांना, असा रिवाज. या पाच जणी मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून विचारतात, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का बुडावं? मोशे उत्तर देत नाही. तो म्हणतो, मी देवाला विचारतो. उत्तर येतं की मुली बरोबर बोलत आहेत, आणि कायदा बदलतो. कायदा आणणाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर ‘मला विचारावं लागेल’ असं म्हणता येणं, हे मला इजिप्तमधून निघताना समुद्र दुभंगण्यापेक्षा कमी चमत्काराचं वाटत नाही.

हे सगळं मराठीत कधी आलं? आणि आलं ते कोणाच्या घरी?

इथे आपल्याला अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जायला हवं. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत इथे फुटलं. सात जोडपी वाचली. बुडालेल्यांना किनाऱ्याजवळ पुरलं. आणि ग्रंथ समुद्रात गेले.

ग्रंथावरच उभा असलेला समाज, आणि ग्रंथच नाही! काय राहिलं? शनिवारची सुट्टी राहिली. तेल गाळणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. मुलांची सुंता राहिली. शमा ही एक प्रार्थना ओठांवर राहिली. आणि ताटातलं पथ्य राहिलं. दावीद राहाबी नावाचे एक ज्यू पंडित कोकणात आले तेव्हा या लोकांची पारख त्यांनी कशी केली, ती गोष्ट समाजात अजून सांगतात. त्यांनी घरातल्या बायकांपुढे मासे ठेवले, खवले आणि पर असलेले व नसलेले एकत्र. बायकांनी खवल्या-परांचे तेवढे उचलले आणि बाकीचे बाजूला सारले. ग्रंथ बुडाला होता, पण ग्रंथातला नियम मासळीच्या टोपलीत जिवंत होता, आणि तो जपला होता बायकांनी. हुल्दा आठवली ना?

राहाबींनी मग झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतल्या तरुणांना शिकवून तयार केलं. गावोगाव हिंडून लग्नं लावणं, सुंता करणं, तंटे ऐकणं ही त्यांची कामं, आणि त्यांना म्हणत काजी. गावचा कारभार मुकादम पाही, हाताशी चौगुला असे. मंदिर नाही, रब्बी म्हणजे धर्मगुरू नाही, राजा तर नाहीच. पण दहांवर एक, पन्नासांवर एक ही इथ्रोची घडी कोकणी नावं घेऊन नांदत होती. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनालय उभं राहिलं १७९६ साली. ते बांधलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी, जे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले होते. ज्या रस्त्यावर ते आहे त्याचं नाव सॅम्युएल स्ट्रीट.

आणि मग पुस्तक परत आलं. १८३२ साली जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. १८४७ पर्यंत अमेरिकन मिशनचं संपूर्ण मराठी बायबल आलं. समाजाने स्वतः आपल्या प्रार्थना मराठीत आणल्या. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे त्यातलं मोठं नाव. आडनाव ओळखीचं वाटलं? काजींच्या तीन घराण्यांतलं तेच.

पुण्यात १८७४ साली शिळाप्रेसवर छापलेली एक हागादा आहे. हागादा म्हणजे इजिप्तमधून झालेल्या सुटकेच्या सणाच्या रात्री घरोघर वाचायची पोथी. तिच्यात हिब्रू आणि मराठी मजकूर बरोबरीने चालतो आणि आत चित्रं आहेत. बिनखमिराची भाकर करणाऱ्या बायका त्यात दिसतात, आणि त्यांचा पेहराव आहे लुगड्याचा. फारोच्या तावडीतून सुटलेल्या लोकांची घाईची भाकर पुण्याच्या चित्रकाराने आपल्या ओळखीच्या स्वयंपाकघरात काढली. ती चित्रं एकदा तरी पाहावीत.

त्याहून पुढची मजल मारली कीर्तनाने. १८८० च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्रायल तरुणांनी हरिकीर्तनं ऐकून ठरवलं की आपल्या कथाही अशाच सांगायच्या. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्यांनी कीर्तनं रचली, सभा भरवल्या, पुस्तिका छापल्या. अब्राहाम, योसेफ, मोशे हे आख्यानाचे नायक झाले. साकी आली, दिंडी आली, आर्या आली, झांजा आल्या. ज्या चालींवर प्रल्हादाने हिरण्यकश्यपूला उत्तर द्यायचं, त्याच ढंगात मोशे फारोपुढे उभा राहू लागला. मराठी श्रोत्याला दोघांतलं नातं सांगावं लागलं नसणार: गादीवर बसलेल्याला ‘तुझ्याहून मोठं कोणीतरी आहे’ असं सांगणारी ती दोन्ही माणसं.

या समाजातून पुढे कारभारीही निघाले. शालोम बापूजी इस्रायल यांनी जंजिरा संस्थानचा कारभार पाहिला, जेकब बापूजी इस्रायल यांनी औंधचा. परक्या राजाच्या दरबारात विश्वासाने राज्य सांभाळणारा योसेफ ज्यांनी कीर्तनात ऐकला, त्यांच्यातली ही माणसं.

औंधाचं नाव निघालंच आहे तर थांबायलाच हवं. साताऱ्याकडचं हे चिमुकलं संस्थान, ७२ गावांचं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते. १९३९ च्या जानेवारीत त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. गावाने निवडलेली पंचायत, तिच्यावर तालुक्याची समिती, तिच्यावर राज्याचं विधिमंडळ, आणि राजा त्या घटनेच्या चौकटीत. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट! घटनेचा मसुदा गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाला. त्यावर राबले राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन. हे फ्रीडमन कोण? पोलिश ज्यू इंजिनिअर. भारतात आले ते बंगळूरच्या कारखान्यात, आणि रमले गांधी आणि रमण महर्षींच्या विचारात. कैद्यांना भिंतीविना ठेवण्याचा औंधचा स्वतंत्रपूरचा प्रयोगही त्यांच्याच प्रेरणेचा. ‘दो आँखें बारह हाथ’ या व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या चित्रपटामागे तोच प्रयोग आहे. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत नेऊन जगभर पोहोचवली तीही फ्रीडमन यांनीच.

फ्रीडमन औंधात बायबल घेऊन आले नव्हते, स्वराज्याची ओढ घेऊन आले होते. पण बघा तर खरं: बाहेरून आलेला एक माणूस राजाला सांगतो की सगळं ओझं एकट्याने वाहू नका, खालपासून वरपर्यंत वाटून द्या, आणि राजा ऐकतो. इथ्रोचा अध्याय साताऱ्याच्या माळावर कोणी मुद्दाम न ठरवता पुन्हा एकदा घडला. मला विचाराल तर त्या अध्यायातला खरा मोठा माणूस सल्ला देणारा इथ्रो नाही. सल्ला ऐकून माणसं नेमणारा मोशे आहे, आणि औंधाच्या गोष्टीत भवानराव. सल्ला देणारे पुष्कळ असतात. हातातली सत्ता स्वतःहून वाटून देणारे इतिहासात बोटांवर मोजावे लागतात.

पंचायतीत, बँकेत, शाळेच्या समितीत, सोसायटीत, कुठेही दहा माणसांचं काम तुमच्याकडे असेल तर मराठी बायबल एकदा हाती घ्या. धर्म कोणताही असो, हरकत नाही. निर्गम, अध्याय १८. अनुवाद, अध्याय १७. राजा मागणाऱ्या लोकांना शमुवेल नावाचा संदेष्टा बजावतो तो पहिला शमुवेल, अध्याय ८. तिन्ही मिळून ६९ वचनं आहेत, अर्ध्या तासात वाचून होतात.